सर्व्हर डाऊन आहे... पण कोणता, ते सांगा!

मेनफ्रेम, मिनी, सर्व्हर, सुपरकॉम्प्युटर... सगळी ‘मोठी कॉम्प्युटरं’ एकाच माळेचे मणी वाटतात ना? शहापूरच्या एका काउंटरवर तीन तास काढले आणि हा गैरसमज पार धुऊन निघाला.

गेल्या जूनमधली सकाळ. कसारा लोकल आसनगावला रिकामी झाली, रिक्षावाल्याने चौथी सीट भरेपर्यंत गाडी हलवली नाही आणि मी शहापुरात पोचले तेव्हा एका ऑनलाइन सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली होती. मी आले होते दुसऱ्याच स्टोरीसाठी. म्हटलं, जाता जाता एक प्रिंटआउट काढू. आत गेले तर काउंटरवरच्या दादाने मान वर न करताच सांगितलं, “सर्व्हर डाऊन हाय.”

माझ्या पुढे डोळखांबच्या बाजूची एक मुलगी उभी होती. बारावी झालेली. अॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि कॉलेजची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सोबत वडील, त्यांची दिवसाची मजुरी बुडालेली. “दादा, कधी येल सर्व्हर?” तिने विचारलं. दादाने वर बोट केलं. म्हणजे देवालाच ठाऊक!

मी मास कॉमवाली. कॉम्प्युटरशी नातं टायपिंगपुरतं. पण त्या तीन तासांत एक प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच. हा जो सर्व्हर वारंवार आडवा होतो, तो असतो तरी काय? पुण्यात म्हणे सेकंदाला हजारो लाख कोटी गणितं करणारा सुपरकॉम्प्युटर आहे. मग त्याला एक दाखला काढायला काय धाड भरली आहे?

घरी येऊन वाचत सुटले, इंजिनीअर मित्रमैत्रिणींचं डोकं खाल्लं. उत्तर मिळालं आणि ते जाम इंटरेस्टिंग निघालं. फंडा असा की, मोठा कॉम्प्युटर नावाची एकच जात नाही. किती मोठा यापेक्षा ‘कशासाठी मोठा’ हा प्रश्न महत्त्वाचा.

मेनफ्रेम : म्हशाच्या जत्रेतला हिशेबनीस

मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा पाहिलीय? पौष पौर्णिमेला भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, खेळणी, पाळणे. एकाच वेळी हजारो सौदे चाललेले. प्रत्येक सौदा तसा छोटा, पण प्रत्येकाचा हिशेब चोख हवा. बैल एकाला विकला तर तोच बैल त्याच मिनिटाला दुसऱ्याला विकला जाता कामा नये. पैसे दिले पण पोचले नाहीत, असंही चालणार नाही.

कल्पना करा, अख्ख्या जत्रेचे सौदे लिहिणारा एकच हिशेबनीस आहे. त्याला अवघड गणित येत नाही, बेरीज-वजाबाकीच येते. पण तो एकाच वेळी हजार जणांचं ऐकतो, कधी चुकत नाही, जेवायला उठत नाही आणि आजारी पडलाच तर त्याच्या जागी दुसरा असा बसतो की गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. हा मेनफ्रेम!

नावामागे फार मोठं रहस्य नाही. जुन्या काळी प्रोसेसर ज्या भल्यामोठ्या कपाटात असायचा ती मुख्य चौकट, म्हणजे मेनफ्रेम. ७ एप्रिल १९६४ला आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ जाहीर केला आणि जगभरच्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्यांनी याच घराण्यातली मशीन्स घेतली. या घराण्याचा एक गुण भन्नाट आहे. साध्या कॉम्प्युटरला ०.१ हा आकडा बायनरीत नेमका लिहिता येत नाही, बारीकशी चूक राहते. पैशांच्या हिशेबात ती चूक कोण खपवून घेणार? म्हणून मेनफ्रेमच्या हार्डवेअरमध्येच आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीने आकडेमोड करायची सोय असते. पैसान् पैसा जुळतो!

आपल्या मुंबईचं या मशीनशी जुनं नातं आहे. टीसीएसने १९७४ साली बरोज कंपनीचा मेनफ्रेम मुंबईत आणला. पुढे २००० साल उजाडताना वायटूकेचा धसका जगाने घेतला, तेव्हा कोबोल या १९५९च्या भाषेतले जुने मेनफ्रेम प्रोग्रॅम तपासायला हजारो भारतीय पोरं बसली. आज अमेरिकेत सेटल झालेल्या कित्येक मराठी काकांचं पहिलं विमान या कोबोलनेच उडवलंय. मेनफ्रेम म्युझियममध्ये गेलाय असं समजू नका. आयबीएमने २०२५ सालीसुद्धा ‘झेड १७’ हे नवं मॉडेल आणलं.

सुपरकॉम्प्युटर : एका खाचरात उतरलेली आवणी

आता जत्रा सोडा, जुलैमध्ये शेतावर चला. शहापूर-मुरबाड म्हणजे भाताचा पट्टा. राब भाजून, पेरून, आवण तयार झालं की आवणीची घाई. सगळा गाव एकाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या. वीस बाया एका ओळीत वाकतात आणि बघता बघता खाचर हिरवं होतं. काम एकच, पण एवढं मोठं की वीस जणींनी वाटून घेतलं तरच वेळेत होणार.

सुपरकॉम्प्युटर असाच चालतो. हजार वेगवेगळ्या लोकांची हजार छोटी कामं तो करत बसत नाही. तो एक अवाढव्य प्रश्न घेतो, त्याचे हजारो तुकडे करतो आणि हजारो प्रोसेसर एकदम जुंपतो. मेनफ्रेमची ताकद मोजायची तर किती व्यवहार निभावले आणि किती काळ न थांबता, हे बघतात. सुपरकॉम्प्युटरची मोजतात ‘फ्लॉप्स’मध्ये, म्हणजे सेकंदाला दशांश चिन्हवाली किती गणितं केली त्यात.

आणखी एक गंमत. आवणीत बायांचे हात कितीही चपळ असोत, बांधावरून आवणाच्या जुड्या फेकणारा गडी ढिला असेल तर सगळ्या जणी नुसत्या उभ्या! सुपरकॉम्प्युटरचंही तेच दुखणं. प्रोसेसर कितीही घेता येतात, पण त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारं नेटवर्क मंद असेल तर सगळा थाट पाण्यात. म्हणून ऑफिसातले हजार पीसी एका वायरने जोडले की सुपरकॉम्प्युटर होतो, असं नाही.

या घराण्याचा मूळपुरुष मानतात तो १९६४ सालचा ‘सीडीसी ६६००’. तो घडवला सिमोर क्रे यांनी. त्याच कंपनीचा ‘सीडीसी ३६००’ हा मोठा कॉम्प्युटर त्याच वर्षी कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. त्याआधी १९६०मध्ये याच संस्थेने ‘टिफरॅक’ हा स्वतः घडवलेला कॉम्प्युटर सुरू केला होता. त्यात २७०० व्हॅक्यूम ट्यूब्ज होत्या आणि मेमरी होती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची. हिशेब केला तर जेमतेम १० केबी! तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज येणारा गुलाबाचा ‘शुभ सकाळ’ फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

पुढची गोष्ट पुण्याची. १९८०च्या दशकात भारताला ताकदवान सुपरकॉम्प्युटर द्यायला अमेरिकेने हात आखडता घेतला. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांचं. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. वेग एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी गणितं. महागडा एकच प्रोसेसर मिळत नाही ना, मग साधे भरपूर प्रोसेसर एकत्र जुंपा, ही त्यामागची आयडिया. आज जगातले झाडून सगळे सुपरकॉम्प्युटर याच वाटेने जातात. २००३चा ‘परम पद्म’ जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटर्सच्या यादीत १७१वा आला. नोव्हेंबर २००७मध्ये टाटांच्या पुण्यातल्या ‘एका’ने तर थेट चौथा नंबर काढला. तेव्हा आपण कॉलर टाइट करून फिरायचो, आठवतंय?

मधलं भावंड आणि काळी-पिवळी

मेनफ्रेम परवडत नाही आणि पीसी अजून जन्मलेला नाही, अशा काळात एक मधलं भावंड आलं. मिनीकॉम्प्युटर. मिनी कसला, चांगला कपाटाएवढा! पण मेनफ्रेमसाठी अख्खा हॉल लागायचा त्या मानाने मिनीच. अमेरिकेतल्या डेक कंपनीचा ‘पीडीपी-८’ १९६५मध्ये आला, ‘व्हॅक्स’ १९७७मध्ये. रेल्वेचं आरक्षण ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरवर गेलं ते या व्हॅक्सवर. गावी जायच्या तिकिटासाठी तुमच्या बाबांनी पहाटे चारला रांग लावली असेल, तर आत कुठेतरी हेच भावंड घाम गाळत होतं. पुढे छोटी मशीन्स तगडी झाली आणि मिनी हे नाव हळूहळू पुसलं गेलं.

त्याची जागा घेतली सर्व्हरने. सर्व्हर म्हणजे खरं तर मशीनची जात नाहीच, ते कामाचं नाव आहे. दुसऱ्याने मागितलं की द्यायचं, बस्स. जुना लॅपटॉपसुद्धा सर्व्हर होऊ शकतो आणि मेनफ्रेमसुद्धा. पण आज सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते डेटा सेंटरमधले पिझ्झाच्या खोक्यासारखे चपटे डबे, रॅकवर एकावर एक रचलेले.

कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या काळी-पिवळ्या आठवा. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही, सगळी मदार एसटीवर आणि या गाड्यांवर. गर्दी वाढली की आणखी एक गाडी लावायची. एक बंद पडली की माणसं दुसरीत बसवायची. कुठलीच गाडी खास नाही, पण मिळून हजारो माणसं पोचतात. सर्व्हरचा ताफा असाच चालतो. हाच ताफा दुसऱ्याच्या मालकीचा, लागेल तेवढा भाड्याने घ्यायचा, त्याला आपण क्लाऊड म्हणतो. ऐरोली-महापे पट्टीत अशी डेटा सेंटर्स दाटीवाटीने उभी आहेत. अॅमेझॉनने आपला मुंबईतला क्लाऊड जून २०१६मध्ये सुरू केला. आपल्याकडच्या बऱ्याच बँकांनीही कोअर बँकिंग आणताना मेनफ्रेमऐवजी तगडे युनिक्स सर्व्हर पसंत केले.

म्हणजे मंडळी, थोडक्यात असं :

मेनफ्रेम – असंख्य छोटे व्यवहार, एकही चूक नको, बंद पडणं मंजूर नाही.
सुपरकॉम्प्युटर – एकच महाकाय गणित, लवकरात लवकर हवं.
सर्व्हरचा ताफा – मागेल त्याला सेवा, गर्दीप्रमाणे वाढता-घटता.
मिनीकॉम्प्युटर – आता फक्त आठवणीत!

मग त्या दिवशी काय आडवं झालं होतं?

दाखल्याचं काम हे सर्व्हरच्या ताफ्याचं. सुपरकॉम्प्युटर इथे कामाचाच नाही. तिथे काम आधी रांगेत लावावं लागतं, नंबर लागला की ते चालतं. काउंटरवर उभ्या माणसाला ‘ओटीपी टाका’ म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. आवणीच्या वीस बायांना कुणी एकेका ग्राहकाला चहा द्यायला धाडत नाही, तसंच.

पण “सर्व्हर डाऊन” या दोन शब्दांखाली किती काय काय खपतं बघा. गावातली वीज गेलेली असते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली असते. टॉवरवर लोड असतो. ओटीपी पाठवणारी यंत्रणा अडकलेली असते. आणि कधी कधी खरोखरच पलीकडचा सर्व्हर गर्दीने गुदमरलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय हे कळलं, तर थांबायचं की निघायचं हे ठरवता येतं.

माझ्या एका नेटवर्कवाल्या मित्राने तीन प्रश्न शिकवले. एक, केंद्रातल्या कॉम्प्युटरवर दुसरी कुठली साइट उघडते का? नसेल तर गडबड इथलीच, वीज नाही तर लाइन. दोन, तीच साइट तुमच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर उघडते का? उघडली तर सर्व्हर ठणठणीत आहे, केंद्राची लाइन आजारी आहे. तीन, साइट उघडतेय पण लॉगिन किंवा ओटीपीवर अडकतेय का? मग बहुतेक पलीकडे गर्दी आहे. दुपारी परत या किंवा घरूनच रात्री प्रयत्न करा.

मी तिथेच मोबाइलवर ती साइट उघडून पाहिली. टुण्णकन उघडली! सर्व्हर बिचारा कामावर हजर होता. आडवी झाली होती ती केंद्राची लाइन. दादाला माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. त्याने आधी माझ्याकडे, मग स्क्रीनकडे पाहिलं आणि गुपचूप फॉर्म भरायला घेतला. त्यालाही दोष कसा देणार? त्यालाही कुणीतरी एवढंच शिकवलेलं, चाललं नाही की सर्व्हर डाऊन म्हणायचं.

एक आकडेमोड मात्र करण्यासारखी आहे. एखादी यंत्रणा ९९ टक्के वेळ चालू असते असं ऐकलं की आपण खूश होतो. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाचे साडेतीन दिवसांहून जास्त. मेनफ्रेमच्या जगात ९९.९९९ टक्क्यांची भाषा चालते, म्हणजे वर्षभरात जेमतेम पाच मिनिटं बंद. ते साडेतीन दिवस अॅडमिशनच्या आठवड्यातच आले तर? आपल्याला फेसबुक तासभर बंद राहिल्याचा त्रास होतो. डोळखांबहून आलेल्या माणसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि पोरीचं वर्ष पणाला लागतं. यंत्र कोणत्या दर्जाचं लावायचं हा निर्णय वरकरणी टेक्निकल असतो, पण किंमत कुणीतरी रांगेत उभं राहून मोजतं.

भात कापायचं की थांबायचं?

आणि सुपरकॉम्प्युटर? त्याचा शहापूर-मुरबाडशी संबंध नाही असं वाटत असेल तर ऑक्टोबरमध्ये या. भात कापून शेतातच वाळत पसरलेलं असतं आणि परतीचा पाऊस येतो. चार महिन्यांची मेहनत दोन तासांत काळी पडते, दाण्याला कोंब फुटतात. शेतकऱ्याला तेव्हा एकच उत्तर हवं असतं. उद्या कापू की थांबू?

ते उत्तर शोधणारं मशीन पुण्यात पाषाणला, आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत आहे. जानेवारी २०१८मध्ये तिथे ‘प्रत्युष’ आला, ४ पेटाफ्लॉप्सचा. सप्टेंबर २०२४मध्ये ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणितं. ‘परम ८०००’च्या एक कोटीपटीहूनही अधिक!

एवढं बळ लागतं कशाला? अंदाज काढताना पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकोनातला वारा, दमटपणा, तापमान यांचं गणित मांडतात. शेजारच्या चौकोनात काय चाललंय ते प्रत्येकाला क्षणोक्षणी कळावं लागतं. आठवल्या ना बांधावरच्या जुड्या? आधी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली आणि तो ६ किलोमीटरवर आला. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणिताची पावलंही दुप्पट वेळा टाकावी लागतात. काम साधारण आठपट!

वासिंद ते कसारा हा पट्टा बघा. १२ किलोमीटरच्या जाळीत तिथे तीन-चार चौकोन बसायचे, आता सहा-सात बसतात. वासिंदला ऊन आणि कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी धो धो, हे आपण लोकलच्या खिडकीतून कितीदा पाहिलंय. आता तो फरक मशीनला दिसायला लागलाय. अर्थात जाळी बारीक झाली म्हणून अंदाज दर वेळी बरोबर येईल असं नाही. मशीनला खाऊ घालायला जमिनीवरची पर्जन्यमापकं आणि रडार लागतात. सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस तसाही लहरी.

इथेही एक फरक लक्षात ठेवा. याच आयआयटीएमचं ‘दामिनी’ अॅप वीज पडण्याचा इशारा देतं. त्याचा मुख्य भरवसा वीज टिपणाऱ्या सेन्सर्सवर आणि ती खबर काही मिनिटांत फोनवर पोचवणाऱ्या सर्व्हरवर असतो. म्हणजे उद्याचा पाऊस सांगतो सुपरकॉम्प्युटर, पण आत्ता झाडाखालून पळ हे सांगायला लागतो साधा सर्व्हर आणि चालू असलेला टॉवर. पुण्यात कितीही पेटाफ्लॉप्स असोत, डोळखांबच्या फोनला रेंज नसेल तर ते सगळे पाषाणलाच राहतात.

त्या दिवशी दुपारी दीडला त्या मुलीचा फॉर्म सबमिट झाला. पावतीची प्रिंट हातात आली, तिने ती दोनदा वाचली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातली. दाखला मुदतीत मिळाला का? मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला, “ताई झालं काम”. पुढे हसरा चेहरा.

निघताना मी तिला ते तीन प्रश्न एका कागदावर लिहून दिले होते. पुढच्या वेळी काउंटरवरून कुणी “सर्व्हर डाऊन हाय” म्हणालं, तर ती मुकाट्याने एसटी पकडणार नाही याची मला खात्री आहे. ती विचारेल, “कोणता?”